असेसमेंट म्हणजे काय रे भाऊ? पास्टोरेटच्या नव्या खजिनदारासाठी

"बँकेत आहेस ना, मग खजिनदार तूच," म्हणून मला आमच्या पास्टोरेटमध्ये, म्हणजे एका पाळकाच्या (पास्टरच्या) हाताखालच्या मंडळीत, उभं केलं आणि बिनविरोध निवडूनही आणलं. म्हणजे दुसरं कुणी उभंच नव्हतं. जुन्या खजिनदारकाकांनी दोन रजिस्टरं, पावतीपुस्तक आणि चिल्लर ठेवायचा बिस्किटांचा डबा ताब्यात दिला. जाताना एवढंच म्हणाले, "लाइटबिल थकलं तर चालेल, असेसमेंट थकवू नको."

असेसमेंट म्हणजे प्रत्येक पास्टोरेटने डायोसिसला, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या मंडळ्यांच्या विभागाला, द्यायचा वाटा. हा निव्वळ कर, असा माझा समज. पहिल्याच बैठकीत बोलून बसलो: रविवारचं दान आपलं, हंगामाच्या सणाला अर्पण केलेल्या पिकाच्या लिलावात चौपट भावाने घेतलेला भोपळा आपला, मग डायोसिसला एवढे पैसे कशापायी? दोघातिघांनी मानाही डोलावल्या. उपासनेनंतर आमच्याच गावात राहणाऱ्या एका निवृत्त पाळकसाहेबांनी मला व्हरांड्यात थांबवलं. "तुमच्या मंडळीत मी चार वर्षं होतो. त्याआधी सात ठिकाणी. त्यातल्या एका गावात आता पाचच घरं उरलीत. माझं पेन्शन कोणत्या मंडळीने द्यायचं, सांगा."

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर सगळा हिशेब या एका प्रश्नात आहे. पाळकाला नेमतो डायोसिस, बदलीही तोच करतो. त्यामुळे त्याच्या म्हातारपणाचा खर्च शेवटच्या मंडळीच्या गळ्यात घालता येत नाही, सगळ्यांनी मिळून उचलावा लागतो.

'आपलं दान आपल्याकडे' हा विचार मात्र आपल्याकडे आजचा नाही. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या मुळात काँग्रिगेशनल वळणाच्या, प्रत्येक मंडळी आपली आपण मालक. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, तेव्हा बिशपांच्या परंपरेतले आणि हे असे स्वतंत्र बाण्याचे एकाच घरात आले. कागदावर एक झालो. पैशाची गोष्ट निघाली की जुनं रक्त बोलतं.

आता आकडे. हे समजण्यापुरते घेतलेत, कुठल्या डायोसिसचे नाहीत. ४० पास्टोरेट, १५ निवृत्त पाळक (यात पाळकांच्या विधवा पत्नीही आल्या), प्रत्येकी महिना ५,००० रुपये. एकूण ७५,०००. सारखे वाटले तर दर पास्टोरेटला १,८७५. शहरातल्या मंडळीचा तेवढा चहाबिस्किटांचा खर्च असतो. तीस घरांच्या गावात ते दोन रविवारचं दान. म्हणून वाटा उत्पन्नाच्या प्रमाणात लावणं बरं.

आणि इथेच खरी मेख आहे. वाटा उत्पन्नावर ठरला की उत्पन्न कमी दाखवायचा मोह होतो. उघड चोरी कुणी करत नाही. सणाचा लिलाव 'इमारत निधी'त, मोठी देणगी 'तरुण संघा'च्या खात्यात, असं होतं. ऑडिटमध्ये सगळं बरोबर बसतं, फक्त ज्यावरून वाटा ठरतो ते सर्वसाधारण खातं दरवर्षी रोडावतं. मग सरळ हिशेब देणाऱ्या मंडळीवर जास्त बोजा पडतो आणि दोन वर्षांत तीही शहाणी होते. नव्या खजिनदाराला ही युक्ती कुणीतरी हळूच शिकवतंच. मला शिकवली, तीही प्रार्थना झाल्या झाल्या.

"पाळकांना पीएफ असतो की!" असंही ऐकाल. जिथे लागू आहे तिथे तो आधार आहेच, पण त्याच्या जोडीच्या पेन्शनचा हिशेब करून बघा. सप्टेंबर २०१४ पासूनची १५,००० रुपयांची पगारमर्यादा धरली, तर तीस वर्षांच्या सेवेला महिना सात हजारांच्या आतच मिळतात. तेही पगार तेवढा असेल तर. शिवाय निवृत्तीच्या दिवशी पाळकनिवास सोडावा लागतो. आयुष्यभर चर्चच्या घरात राहिलेल्या माणसाला साठीनंतर पहिल्यांदा घरभाडं कळतं, हे माझ्या तरी कधी डोक्यात आलं नव्हतं.

जुन्या ठेवींच्या आणि मिळकतींच्या भरवशावर राहू म्हणणाऱ्यांना मी इंग्लंडच्या चर्चचं सांगतो. तिथे पाळकांचं पेन्शन चर्च कमिशनर्सच्या, म्हणजे चर्चच्या ठेवी-मिळकती सांभाळणाऱ्या संस्थेच्या, गुंतवणुकीतून निघायचं. १९९० च्या आसपास मालमत्तांच्या व्यवहारात त्यांचे सुमारे ८० कोटी पौंड बुडाले. १९९८ पासूनच्या सेवेच्या पेन्शनची वर्गणी तिथेही शेवटी मंडळ्यांच्या दानातूनच जाऊ लागली.

कामाचं एकच सांगतो: वर्षाअखेरीची वाट बघू नका. मी महिन्याच्या पहिल्या रविवारचं दान मोजलं की सोमवारीच असेसमेंट पाठवून देतो. मार्चमध्ये एकरकमी द्यायचं म्हटलं की कमिटीला छपराची गळती आठवते.

यंदा भोपळा सातशेला गेला. पावती कोणत्या खात्यावर फाडायची यावरून अर्धा तास वाद झाला. मी सर्वसाधारण खात्यावर फाडली. इमारत निधीवाले अजून बोलत नाहीत माझ्याशी.