दिव्यांग लाभांची पात्रता : टक्क्यांचं गणित आधी घरीच करा

दिव्यांग प्रमाणपत्र हातात आलं की सगळ्या सवलती आपोआप लागू होतात, असा समज घेऊन लोक तहसीलच्या खिडकीवर येतात आणि तिथेच अडकतात. प्रमाणपत्र हे फक्त दार आहे. आत प्रत्येक योजनेचं कुलूप वेगळं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. पण यादीत नाव असणं पुरेसं नाही, बहुतेक लाभांना किमान 40 टक्के लागतात. हे टक्के त्रास किती होतो त्यावर ठरत नाहीत, केंद्राच्या कोष्टकावर ठरतात. नजर चष्मा लावून मोजतात. एक डोळा पूर्ण गेला, पण दुसऱ्याची नजर 6/18 (इतरांना 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली असेल, तर मिळतात 30 टक्के. कानांच्या हिशेबात चांगल्या कानाला पाचपट वजन देऊन बेरजेला सहाने भागतात. म्हणून एक कान ठार बहिरा आणि दुसरा ठणठणीत असेल, तर आकडा 17 च्या आसपास थांबतो. यात डॉक्टरांशी वाद घालून उपयोग नाही.

दोन वेगळी अपंगत्वं असतील तर मात्र दोन्ही तपासून घ्याच. टक्के सरळ मिळवत नाहीत. 90 मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, 90 ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. डोळ्याचे 30 आणि पायाचे 30 असतील तर 60 होत नाहीत, 50 होतात. पण 40 ची रेघ ओलांडली जाते. फक्त डोळाच दाखवून परत आलेला माणूस हा लाभ हकनाक गमावतो.

प्रमाणपत्राचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर, आधार जोडून. मग तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी सिव्हिलला जाताना जुने रिपोर्ट, एक्स-रे, ऑपरेशनचे कागद मूळ प्रतीसह न्या. टक्के पटले नाहीत तर 90 दिवसांच्या आत अपील करता येतं.

आता पैशांचं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत 40 टक्के, वय 65 च्या आत, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 पर्यंत, असं सगळं एकदम जुळावं लागतं. इतर निराधारांना उत्पन्नाची मर्यादा 21,000 आहे, आणि खिडकीवरचा माणूस कधी कधी तीच सांगून परत पाठवतो. दिव्यांगांसाठीची मर्यादा वेगळी आहे, हे ठामपणे सांगा. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिना 2,500 रुपये मंजूर आहेत. 80 टक्के किंवा त्याहून जास्त असलेले, दारिद्र्यरेषेखालचे लोक केंद्राच्या निवृत्तीवेतनालाही पात्र ठरतात, पण त्याचे 300 रुपये याच रकमेत धरलेले असतात, वरून मिळत नाहीत.

रेल्वेचं गणित निराळंच. तिथे नुसती टक्केवारी चालत नाही. पूर्ण अंध, पूर्ण मूकबधिर, आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे बौद्धिक किंवा अस्थिव्यंग दिव्यांग यांनाच सवलत आहे. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि त्यावर रेल्वेचं वेगळं कार्ड मिळतं. युडीआयडीवर, म्हणजे केंद्राच्या दिव्यांग ओळखपत्रावर, 70 टक्के असूनही तिकीट पूर्ण पडतं ते यामुळेच.

आयकरात दिव्यांगांना 75,000 ची वजावट मिळते, 80 टक्क्यांपासून पुढे 1,25,000 ची. पण फक्त जुनी करप्रणाली निवडली तरच.

मंजुरीचं पत्र आलं आणि पैसे नाहीत, अशी तक्रार आली की आधी बँक बघा. केवायसीला आधार दिलं म्हणजे खातं डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्याच्या सोयीला, जोडलं गेलं असं नव्हे. शेवटी जे खातं डीबीटीसाठी आधारशी जोडलं, तिथेच पैसे जातात, मग ते विसरलेलं खातं का असेना. आधार आणि प्रमाणपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही पाहा. आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्या. तो चुकला की अनुदान गुपचूप थांबतं.