मृगाच्या आधी गाडीचं काय काय बघून घ्यायचं

7 जूनच्या आसपास मृग लागतो, त्याच्या आधीचा एक रविवार गाडीसाठी काढाच. नाशिक शहरात पाऊस बेताचा वाटतो पण आपली गाडी काय फक्त कॉलेज रोडवर फिरते का, पावसाळ्यात त्र्यंबक होतं, इगतपुरी होतं, कसारा घाट उतरून मुंबई होते, आणि तिकडे गेलं की गाडी खालून तासन् तास ओलीच राहते.

सकाळी गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागेवर बॉनेट उघडा. पहिलं ऑइल. डिपस्टिक काढून सुती फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची, परत काढून बघायची, लेव्हल दोन खुणांच्या मध्ये हवी. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेल गाडीत नवीन ऑइलही लगेच काळं पडतं, पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) जातोय, मग गाडी चालू न करता मेकॅनिकलाच घरी बोलवा.

कूलंट टाकीवरच्या मिन-मॅक्सच्या खुणांवरून बघायचा, इंजिन गरम असताना झाकणाला हात नाही म्हणजे नाही, प्रेशरने उकळतं पाणी अंगावर येतं. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलाय तोच कूलंट टाका, हिरवा की गुलाबी यावर जाऊ नका. आणि बोअरचं पाणी तर नकोच, त्यातले क्षार रेडिएटरमध्ये बसतात, शिवाय कूलंट पातळ झाला की त्यातलं गंज रोखणारं औषधही कमी पडतं आणि इंजिन आतून गंजायला लागतं.

ब्रेक ऑइलकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 4 या प्रकारचं नवीन ब्रेक ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की तोच आकडा 155 पर्यंतही उतरू शकतो. आता सप्तशृंगी गडावरून भरल्या गाडीने उतरताना सतत ब्रेक दाबला तर ते ऑइल तापून आत वाफ धरतं आणि पेडल नुसतं खाली जातं. म्हणून किलोमीटर कितीही कमी असू देत, साधारण 2 वर्षांनी बदलाच. लेव्हल खाली गेली असेल तर वरून ओतून गप्प बसू नका, ब्रेकचे पॅड झिजलेत की कुठे गळतंय ते बघून घ्या. ओतताना रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो.

वायपरचं पाणी भरा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर साफ करून व्हॅसलिन लावा, झालं.

आता गंज. पाणी पडतं तिथे पत्रा सडत नाही, साचून राहतं तिथे सडतो. त्यामुळे आधी चाकांच्या मागे, मडगार्डच्या आतल्या कडेला बोट फिरवा, वाळलेल्या चिखलाची पट्टी हाताला लागेल, पावसात हीच पट्टी ओल धरून ठेवते. पाण्याच्या फवाऱ्याने ती पूर्ण काढायची. मग दारांच्या खालच्या कडेची, पाणी बाहेर जायची बारीक भोकं काडीने मोकळी करा, वायपरखालच्या जाळीतला कडुनिंबाचा, गुलमोहराचा पाला उपसा, आणि मॅट उचलून खालचं कार्पेट ओलं लागतंय का ते दाबून बघा. रंगाचा टवका उडालेला दिसला तर टचअप लावून टाका.

अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर, करून घ्या, पण धुऊन पूर्ण वाळल्यावरच, आणि आधीचा गंज घासून काढल्यावरच. गंजावर कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते आणि वरून काहीच दिसत नाही, हे मारणाऱ्याला समोर उभं राहून सांगा. ब्रेकच्या डिस्क, सायलेन्सर आणि ती दाराची भोकं झाकून घ्यायला लावा.

कोकणात जाऊन आलात तर खालून साध्या पाण्याने लगेच धुवा, मीठ बसलेलं असतं, आणि ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी लालसर थर दिसतो तो दोन-चार ब्रेक मारले की जातो, त्याचं टेन्शन नको, पण दार उघडताना आत पाणी हलल्याचा आवाज आला तर ती भोकं त्याच दिवशी मोकळी करा.