कॉलवरचा ‘छोटासा बदल’ अंगाशी येतो

ऑफशोअर प्रोजेक्टवर, म्हणजे परदेशी क्लायंटचं इथून चालणाऱ्या कामावर, नव्याने आलेल्याला जो तो इंग्रजी सुधारायला सांगतो. तेवढं इंग्रजी बहुतेकांना येतंच. पोरं अडकतात ती कॉलवर भिडेखातर ‘हो’ म्हणून.

फिक्स्ड प्राइस, म्हणजे आधीच ठरलेल्या रकमेचं काम धरा. यूएटी (युजरनं स्वतः करायची शेवटची चाचणी) तोंडावर आलीये आणि क्लायंटकडची बिझनेस युजर विचारते, रिपोर्टमध्ये कस्टमरचा रीजन तेवढा दाखवाल का? कोड दोन तासांचा. पण दुसऱ्या सिस्टीमकडून रोज येणाऱ्या फाइलमध्ये तो कॉलमच नसतो. मग त्या टीमच्या मागे लागा, मॅपिंग (कुठला कॉलम कुठे जातो ती जुळणी) बदला, टेस्ट केसेस नव्याने लिहा, रिग्रेशन (जुनं काही बिघडलं नाही ना याची चाचणी) परत चालवा. आठवडा गेलाच. तारीख चुकल्यावर जाब विचारतो क्लायंटकडचा व्हेंडर मॅनेजर, म्हणजे आपल्यासारख्या कंपन्यांचं काम बघणारा, आणि त्याच्या लेखी असा बदल कुणी मागितलेलाच नसतो. मागायला युजर मोकळी आहे, पण सही तिची चालत नाही. कुणाची चालते ते एसओडब्ल्यूमध्ये (स्टेटमेंट ऑफ वर्क, कामाच्या करारात) असतं. ते पान पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

कॉलवर एवढंच बोला: ‘नोंद घेतली, परिणाम बघून उद्या कळवतो.’ मेल मात्र त्याच दिवशी. मागणी काय, कुणाची, अंदाजे किती दिवस, कोणती तारीख सरकेल, मंजुरी कुणाची हवी. शेवटची ओळ: ‘गुरुवारपर्यंत उत्तर न आल्यास हा बदल न धरता ठरलेल्या स्कोपप्रमाणे काम चालू ठेवतो.’ ‘उत्तर न आल्यास मंजूर समजू’ असं चुकूनही लिहू नका, मौनावर बिल निघत नाही. ‘टू’मध्ये फक्त मंजुरी देणारा, बाकीचे सीसीत. ‘टू’मध्ये पाच जण घातले की पाचही जण दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतात.

‘क्लायंटला नाही म्हणायचं नसतं’ असं शिकवणारे सीनियर भेटतील. ऐका आणि सोडून द्या. यूएटीच्या वेळी ते बहुधा दुसऱ्या अकाउंटवर, म्हणजे दुसऱ्याच क्लायंटच्या कामावर असतात. क्लायंट खरा भडकतो तो शेवटच्या आठवड्यात हिरवं स्टेटस अचानक लाल झाल्यावर. अंबर, म्हणजे मधलं धोक्याच्या इशाऱ्याचं स्टेटस, वेळेत दाखवा, सोबत उपाय द्या. पहिल्यांदा असा मेल पाठवताना पोटात गोळा येतो, पण उत्तर बहुतेकदा ‘बरं झालं आत्ताच सांगितलंत’ असंच येतं.

आणि घड्याळं. अमेरिकेची मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी. अमेरिकेची पुढे गेली की न्यूयॉर्कच्या सकाळी ९ चा कॉल पुण्यात संध्याकाळी साडेसातऐवजी साडेसहाला पडतो, आणि मधले दोन-तीन आठवडे लंडनलाही दुपारी दोनऐवजी एकला. तारीखही अक्षरी महिन्यानेच लिहा: ०३/०४ म्हणजे लंडनला ३ एप्रिल, न्यूयॉर्कला ४ मार्च.