टीव्हीपर्यंत नेट कसं न्यायचं: वायर टाकायची, वायफाय ठेवायचं की दुसरं काही

पिक्चर ऐन रंगात येतो आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागतं, मग घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, नेटचा प्लॅन वाढव ना. मीही तेच केलं होतं. ५० एमबीपीएसचा होता तो २०० चा करून घेतला आणि चक्र होतं तसंच फिरत राहिलं, कारण घरात येणाऱ्या लाइनला काही झालेलंच नव्हतं, अडकत होतं ते राउटर आणि टीव्हीच्या मधल्या दोन भिंतींमध्ये. म्हणून कोणी विचारलं की मी हेच सांगतो, प्लॅनला हात लावायच्या आधी घरातला रस्ता तपासा.

आधी तुम्हाला लागतं किती ते बघू. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ आणि ४के ला १५ एमबीपीएस सांगतं, म्हणजे एका टीव्हीसाठी आकडा तसा मोठा नाहीच. खरी गरज वाढते ती तुम्ही स्वतःच्या हार्डडिस्कवरून किंवा नासवरून, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या हार्डडिस्कच्या डब्यावरून, मोठ्या फाइली बघता तेव्हा. साध्या ब्लू-रेचा व्हिडिओ ४० एमबीपीएसपर्यंत जातो आणि ४के ब्लू-रे काही सीनमध्ये १०० च्याही वर. आपल्या फाइलचा हिशोब घरच्या घरी करता येतो, जीबीला ८००० ने गुणायचं आणि पिक्चर जितके सेकंद आहे त्याने भागायचं. ५४ जीबीची दोन तासांची फाइल असेल तर ६० एमबीपीएस येतात, पण ही झाली सरासरी, पाऊस, धूर, धावपळ असले सीन आले की आकडा त्याच्या बराच वर जातो, त्यामुळे मी दुप्पट धरून चालतो. आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबिट हं, मेगाबाइट नाही, ८ बिटचा एक बाइट, इथे भलेभले गोंधळतात.

अजून एक गोष्ट कळली की बरंच कोडं सुटतं. ऑनलाइन अ‍ॅप्स नेट कमी पडलं की चित्राचा दर्जा गुपचूप खाली आणतात, पिक्चर थोडा धूसर होतो पण थांबत नाही. घरची फाइल सहसा जशी आहे तशी पाठवली जाते, ती आपोआप कमी होत नाही, म्हणून ती सरळ अडकते. त्यामुळे "नेटफ्लिक्स तर मस्त चालतं, मग माझीच फाइल का अडकते" याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

आता मोजायचं कसं. लॅपटॉप राउटरला केबलने जोडून स्पीड टेस्ट करा, मग तोच लॅपटॉप वायफायवर घेऊन टीव्हीच्या अगदी शेजारी ठेवून परत करा. पहिला आकडा चांगला आणि दुसरा पडलेला म्हणजे रोग घरातच आहे. पण स्पीड टेस्ट बाहेरचं नेट मोजते, नासपासून टीव्हीपर्यंतचं नाही, त्यासाठी आयपर्फ३ नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, एक बाजू नासवर किंवा कॉम्प्युटरवर चालू ठेवायची आणि दुसरी टीव्हीजवळच्या लॅपटॉपवर. आणि हे रात्री करा, आजूबाजूचे सगळे बघत बसलेले असतात तेव्हा, दुपारचा आकडा फार गोड असतो.

माझं मत स्पष्ट आहे, जी वस्तू जागेवरून हलत नाही तिला वायर. टीव्ही हलत नाही, नास हलत नाही. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आरामात नेते, कॅट ६ घेतली तर अजून चांगलं, कॅट ७ आणि ८ वर घरात पैसे घालवू नका. केबल शुद्ध तांब्याची घ्या, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते तिच्या नादी लागू नका, लवकर तुटते आणि लांब अंतरावर त्रास देते. विजेच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नका, कोपऱ्यात करकचून वाकवू नका. टोकाला जॅक बसवताना आठही तारा नीट बसल्यात का बघा, कारण गिगाबिटला आठही लागतात आणि १०० ला चारच पुरतात, एखादी तार सैल राहिली की लिंक कुठलीही तक्रार न करता १०० वर येऊन बसते आणि आपण महिनोन् महिने राउटरला शिव्या देत राहतो.

इथे एक मोठा खड्डा आहे. खूप स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, महागड्या टीव्हींचासुद्धा, प्रत्यक्षात ९० ते ९५ मिळतात. ऑनलाइन बघायला हे भरपूर झालं, पण मोठ्या ४के फाइलला कमी पडू शकतं, अशा वेळी राउटर त्याच खोलीत असेल तर टीव्हीचं ५ गिगाहर्ट्झ वायफाय वायरीपेक्षा जास्त देऊन जातं, पटत नाही पण खरं आहे. नाहीतर गिगाबिट पोर्टवाला वेगळा स्ट्रीमिंग बॉक्स घ्या आणि टीव्हीचा फक्त पडदा म्हणून वापर करा. घेताना माहितीपत्रकात १०/१०० लिहिलंय की १००० तेवढं बघून घ्या.

वायर टाकणं शक्यच नसेल, भाड्याचं घर आहे, भिंत फोडू देत नाहीत, तर वायफाय नीट लावायचं. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि तिथे शेजारच्यांचे राउटर, ब्लूटूथ, चालू मायक्रोवेव्ह सगळ्यांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झला जागा मोकळी असते, वेग जास्त असतो, पण भिंतीतून जाताना तो दमतो. टीव्हीला ५ वरच जोडा. राउटर दोन्ही बँडला एकच नाव देत असेल तर टीव्ही कधीकधी हट्टाने २.४ वर जाऊन बसतो, म्हणून मी दोन नावं वेगळी ठेवलीत. राउटर कपाटात, लोखंडी रॅकमागे किंवा मोठ्या आरशाजवळ नको, घराच्या मध्यावर आणि जरा उंचावर असू द्या, नुसती जागा बदलून चक्र गायब झालेलं मी बघितलंय.

आणि नास आणि टीव्ही दोन्ही वायफायवर असतील तर तोच डेटा हवेतून दोनदा जातो, एकदा नासकडून राउटरकडे आणि परत राउटरकडून टीव्हीकडे, एकाच चॅनेलवर. म्हणजे वेग जवळजवळ अर्धा. यातल्या एकाला जरी केबल लावली तरी मोठा फरक पडतो, आणि नास तर राउटरच्या बाजूलाच ठेवता येतो की. मेशचंही, म्हणजे घरभर ठेवून एकच वायफाय देणाऱ्या दोन-तीन डब्यांच्या सेटचंही तसंच, दोन डब्यांमधलं बोलणं आणि तुमचा टीव्ही एकाच बँडवर असतील तर वेग वाटला जातो, जमलं तर डब्यांमध्ये केबल टाका किंवा तीन बँडवाला सेट घ्या. दुसरा डबा सिग्नल मेलेल्या खोलीत ठेवू नका, तिथे पोचेल काय आणि तो पुढे देईल काय, मधल्या जागी ठेवा.

घरात जुनी केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स वायर भिंतीतून गेलेली असेल तर मोका नावाचे अडॅप्टर मिळतात, मोका २.५ वाले चांगले, वायरीच्या अगदी जवळचा वेग देतात आणि भिंतीला हात लावावा लागत नाही. फक्त त्याच वायरीवर डिशचा सिग्नल चालू असेल तर जमत नाही, दोघांची फ्रिक्वेन्सी एकमेकांवर येते. मधले जुने स्प्लिटरही बदलावे लागतात. पॉवरलाइन अडॅप्टर, म्हणजे विजेच्या सॉकेटमधून नेट नेणारे, हा माझा शेवटचा पर्याय. खोक्यावरचा हजाराचा आकडा विसरा, वायरिंग जुनं असेल तर त्याच्या खूप खाली मिळतं, आणि एक्स्टेंशन बोर्डात किंवा सर्ज प्रोटेक्टरमध्ये लावलं तर अजून पडतं, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावायचं. परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या, कारण तुमच्या घरात चालेल का हे लावून बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

केबल लावली, मोजलं, आकडा उत्तम आला, तरी अडकतंय? मग नेटवर्कचा पिच्छा सोडा. नासवरच्या फाइली टीव्हीला पाठवायला जेलीफिन किंवा प्लेक्स हे प्रोग्राम वापरत असाल तर त्यांच्या डॅशबोर्डवर बघा, फाइल थेट जातेय की ट्रान्सकोड होतेय, म्हणजे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलली जातेय. टीव्हीला तो फॉरमॅट झेपत नसेल किंवा ब्लू-रेचे चित्ररूपातले सबटायटल लावले असतील तर सर्व्हरला अख्खा व्हिडिओ नव्याने बनवत पाठवावा लागतो आणि छोट्या नासचा प्रोसेसर तिथे धापा टाकतो. सबटायटल बंद करून तोच सीन परत लावून बघा, लगेच कळेल.

आणि भिंतीत पाइप टाकायची वेळ आलीच तर एकाच्या जागी दोन केबल ओढून घ्या आणि दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा, कारण मेहनत सगळी पाइपाला लागते, दुसरी केबल त्याच फेऱ्यात येते.