पिकअपमध्ये बाईक कशी चढवायची, कशी बांधायची आणि न आडवी करता कशी न्यायची

बाईक पिकअपमधून न्यायची म्हटलं की बरेच जण चार माणसं गोळा करतात आणि उचलून थेट हौद्यात टाकतात. 110-120 किलोच्या हलक्या गाडीला हे कसंबसं जमतं, पण 190-200 किलोच्या गाडीला कुणाची तरी कंबर धरते नाहीतर हात गरम सायलेन्सरला लागतो. रॅम्प असेल तर दोन माणसांत आरामात काम होतं.

आधी पिकअप कुठे लावायची ते बघा. मागची चाकं जरा खोलगट जागेत किंवा पाठ चढाकडे करून लावली तर फाळक्याची उंची आपोआप कमी होते आणि निम्मं काम तिथेच हलकं होतं. हौदा साधारण अडीच-तीन फूट उंच असतो, म्हणजे रॅम्प निदान सात-आठ फुटांचा पाहिजे, त्याहून छोटा घेतला तर चढ एकदम उभा होतो आणि बाईकचं पोट फाळक्याच्या कडेला घासून अडकतं. हँडब्रेक ओढा, पिकअप गिअरमध्ये टाका, चाकांना ठोकळे लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक सोडून देतात: रॅम्प पिकअपला बांधा. नुसता टेकवून चालत नाही. बाईकचं मागचं चाक इंजिनच्या जोरावर फिरतं तेव्हा ते रॅम्पला मागे ढकलत असतं, त्यामुळे पुढचं चाक हौद्यात आणि मागचं अजून रॅम्पवर अशा नेमक्या वाईट वेळी रॅम्प सटकतो, बाईक इंजिनावर आपटते आणि बाजूचा माणूस तिच्याखाली सापडतो. रॅम्पच्या वरच्या आडव्या पट्टीतून एक पट्टा काढून पिकअपच्या खालच्या बाजूला मजबूत जागी ताणून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

चढवताना बाईकवर बसू नका. व्हिडिओत भारी दिसतं, पण रॅम्प अरुंद असतो आणि मध्येच थांबायची वेळ आली तर पाय टेकायला खाली काहीच नसतं. बाईकच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, पहिला गिअर, अर्धा क्लच, आणि चालत चालत वर. दुसरा माणूस उजवीकडून मागच्या बाजूला हात लावून ढकलेल, बरोब्बर मागे मात्र कुणीच थांबायचं नाही. तुम्हालाही हौद्यात चढायचंय हे विसरू नका, म्हणून शेजारी दुसरी फळी किंवा न डगमगणारं स्टूल ठेवा. मध्येच अडकलात तर नुसत्या पुढच्या ब्रेकवर भरवसा नको, कारण चढावर सगळं वजन मागे गेलेलं असतं आणि पुढचं चाक घसरतं. इंजिन बंद करा आणि गिअरमध्ये असतानाच क्लच सोडा, मागचं चाक जागच्या जागी धरलं जातं.

वर गेल्यावर पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवा, हौदा आखूड असेल तर तिरकं कोपऱ्यात घाला. हँडल सरळ, लॉक न लावता, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद.

बांधताना साइड स्टँड वर. स्टँडवर उभी करून पट्टे आवळले की सगळा ताण त्या एका दांड्यावर येतो, खड्ड्यात तो वाकतो आणि बाईक आडवी. गाडी सरळ उभी पाहिजे आणि तिला पट्ट्यांनीच धरलेलं पाहिजे. साधी नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि ढिली पडते. रॅचेटचे, म्हणजे दांडी मागेपुढे करून दात्यांवर आवळत जाणारे, चार पट्टे घ्या. पुढचे दोन हँडलला नाही, तर हँडलच्या खाली दोन्ही फोर्क (पुढच्या चाकाला धरणारे शॉकअपचे दांडे) ज्या आडव्या तुकड्यात धरलेले असतात तिथे कापडी लूप घालून लावा आणि दोन्हीकडे पुढे व बाहेरच्या दिशेला ताणा. एकदा डावा, एकदा उजवा, थोडं थोडं आवळत जा, पुढचा शॉकअप साधारण अर्धा दबेपर्यंत. पार तळाला नेलात तर आतलं तेल अडवणाऱ्या ऑइल सीलची वाट लागू शकते, आणि अगदीच ढिला ठेवलात तर खड्ड्यात फोर्क दबला की क्षणभर पट्टा सैल पडतो आणि उघडा हुक कडीतून निसटतो. म्हणूनच तोंड बंद करणारी खिटी असलेले हुक चांगले. मागचे दोन पट्टे फ्रेमला, गाडी बाजूला सरकू नये एवढ्यापुरते, पण सायलेन्सरपासून आणि ब्रेकच्या पाइपापासून लांब.

झालं की हँडल धरून जोरात हलवून बघा. बाईकबरोबर पिकअप हलली तर बरोबर बांधलंय, नुसती बाईक हलली तर परत आवळा. पट्ट्यांची सुटी टोकं गाठ मारून टाका, आणि बाईकवर कव्हर नको, वाऱ्याने फडफडून रंग घासतं.

दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी बाजूला घेऊन पट्टे तपासा, हमखास एखादा सैल झालेला असतो. ब्रेक लांबूनच हळूहळू लावत या.

उतरवताना रॅम्प परत बांधा, ते चढवण्यापुरतंच नव्हतं. मागचे पट्टे आधी काढा, मग साइड स्टँड खाली, एकाने बाईक धरायची आणि पुढचा उजवा पट्टा आधी सोडायचा म्हणजे गाडी डावीकडे स्टँडवर झुकते. डावा आधी सोडला तर ती उलट्या बाजूला ओढली जाते, जिथे स्टँडच नाही. दोन्ही सुटले की गाडी सरळ करून स्टँड वर घ्या. मग इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच दाबून मागे मागे उतरायचं आणि वेग वाढतोय वाटलं की क्लच सोडायचा.