गर्भाशय काढल्यावर त्याच दिवशी घरी जाताना
दुर्बिणीतून किंवा योनीमार्गे गर्भाशय काढल्यावर अनेक स्त्रियांना त्याच दिवशी घरी पाठवले जाते, आणि ‘रात्री काही झाले तर?’ ही धास्ती वाटणे स्वाभाविकच आहे. लघवी मोकळी झाली आहे, प्यायलेले पाणी पोटात टिकते आहे, आधाराने चालता येते आणि वेदना गोळ्यांनी आटोक्यात आहेत, एवढी खात्री होईपर्यंत निघण्याची घाई करू नये. पहिले २४ तास घरात एक जाणते माणूस सोबतीला हवेच.

अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि मग हाताच्या रेट्याने बसावे. खोकला आला तर पोटाशी उशी दाबून धरावी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखू शकतो (याची कल्पना अनेकींना कोणी दिलेलीच नसते), आणि थोडे चालल्याने तो हलका होतो. किंचित रक्तस्राव अपेक्षितच असतो. मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, लघवी अडणे, पोटरी सुजणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट पाहू नये. त्यासाठी रुग्णालयाचा रात्रीचा फोन क्रमांक निघतानाच लिहून घ्यावा, आणि तो लागतो का, हे तिथूनच एकदा पाहावे.