महाडीबीटीचा फॉर्म मंजूर झाला, तरी पैसे का येत नाहीत?

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायचं संकेतस्थळ; डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होणं. शिष्यवृत्तीचा विषय निघाला की सगळे कागदपत्रांची यादी पाठवतात. कागदपत्रं लागतातच, पण मंजूर झालेली रक्कम अडकते ती बहुतेक वेळा बँकेत. म्हणून फॉर्म भरायच्या आधी बँकेचं काम उरका.

जातीचा दाखला, अधिवास, गुणपत्रिका, फीची पावती, रेशनकार्ड जवळ असेलच. उत्पन्नाचा दाखला मात्र गावाकडच्या तहसीलमधूनच काढायचा असतो. गडचिरोली-गोंदियाहून नागपुरात आलेल्यांनी तो प्रवेशाला येतानाच सोबत आणावा, मध्येच सुट्टी काढून पळापळ करू नये. उत्पन्नाची मर्यादा योजनेनुसार बदलते: अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेला 8 लाख. अपलोड करायच्या प्रत्येक कागदाची फाइल 256 केबीच्या आतच हवी. ती लहान करताना शिक्का आणि दाखल्याचा नंबर वाचता येतोय ना, ते पाहा.

आता मुख्य काम. खातं उघडताना आधार दिलं होतं, म्हणजे झालं, असं बँकेतलेही सांगतात. ते अर्धवट उत्तर आहे. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, दिलेलं आधार बँकेच्या स्वतःच्या नोंदीत राहतं. शिष्यवृत्तीचे पैसे एनपीसीआय या देशातल्या बँक-व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीवरून जातात. या यादीत आधारसमोर बँकेची नोंद होणं म्हणजे सीडिंग. तिथे एका आधारसमोर एकच बँक असते, जिचं सीडिंग सर्वांत शेवटी झालं ती. गावच्या ग्रामीण बँकेत सीडिंग झालेलं असताना नागपुरात दुसरं खातं उघडलं आणि त्या फॉर्मवर सीडिंगच्या संमतीची खूण केली, तर पैसे नव्या खात्याकडे वळतात. तुम्ही मात्र जुनंच पासबुक भरून पाहत बसता.

तपासणी पाच मिनिटांची आहे. माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ असं दिसायला हवं. ‘इनॲक्टिव्ह’ दिसलं किंवा भलतीच बँक दिसली, तर हव्या त्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. काउंटरवर ‘डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचं आहे’ एवढं स्पष्ट सांगा; नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हटलं तर पुन्हा केवायसीच होईल. काही दिवसांनी तेच पान परत उघडा. तिथे नाव बदललेलं दिसेपर्यंत काम झालं असं मानू नका.

खातं चालू आहे का, हेही बघा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. अपुऱ्या केवायसीच्या छोट्या खात्यावर व्यवहारांच्या मर्यादा असतात, म्हणून केवायसी पूर्ण करून घ्या.

फॉर्म स्वतः भरा. नेट कॅफेवाल्याकडून भरून घेतलात तरी मोबाइल नंबर त्याचा टाकू देऊ नका, आणि युजरनेम-पासवर्ड लिहून घेतल्याशिवाय उठू नका. पुढच्या वर्षी नूतनीकरण त्याच प्रोफाइलवरून करायचं असतं. तेव्हा पासवर्ड नाही म्हणून नवं प्रोफाइल उघडलं की दोन्ही अर्ज गोत्यात येतात.

अर्ज सबमिट झाला की प्रिंट आणि कागदपत्रं कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्या. मग दर आठवड्याला लॉगिन करून पाहा. त्रुटी निघाली की अर्ज परत तुमच्याकडे येतो आणि मुदतीत दुरुस्त करून पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. काही योजनांत मंजुरीनंतर हप्ता स्वतः रिडीम करावा, म्हणजे खात्यात वळवून घ्यावा लागतो, तेही त्याच लॉगिनमध्ये दिसतं.